हयगय, बेदरकारी आणि जाणीव : वाहन अपघाताच्या कायद्याची भाषा

प्रास्ताविक

मागील घटकात आपण अर्ज, परिपत्रक आणि इतिवृत्त यांच्या भाषेचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात आपल्याला कायद्याच्या भाषेकडे वळायचे आहे. कायद्यातील शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातलेच असतात. परंतु तेथे त्यांना नेमून दिलेला अर्थ असतो आणि त्या अर्थावर माणसाचा तुरुंगवास, जामीन, भरपाई अवलंबून असते. याचे आकलन होण्यासाठी आपण एकच विषय निवडला आहे : असुरक्षितपणे वाहन चालवून दुसऱ्यास इजा पोहोचवणाऱ्यास कायदा कोणती शिक्षा देतो? हा विषय आपल्यापैकी कोणालाच परका नाही. आपण दुचाकीवरून कामाला जाता, मुले सायकलने शाळेत जातात, घरातील कोणीतरी रात्रपाळी संपवून उशिरा परतते.

उदाहरण नागपूरचेच घेऊ. नागपूर रेल्वे स्थानकावरून जाणारा, तारांवर तोललेला राम झुला हा पूल शहरातील बहुतेकांच्या परिचयाचा आहे. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर या पुलावर एका भरधाव मोटारीने स्कूटरला धडक दिली आणि स्कूटरवरील दोन तरुणांचा मृत्यू झाला. मोटार चालवणाऱ्या महिलेने मद्यप्राशन केले होते, असा आरोप ठेवण्यात आला. आरोप खरा की खोटा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. येथे त्याचा विचार कर्तव्य नाही. आपल्याला पाहायचा आहे तो या प्रकरणातील कागदांचा प्रवास.

प्रारंभी गुन्हा नोंदला गेला तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली, म्हणजे हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा. या कलमाखालील कमाल शिक्षा दोन वर्षांची आणि गुन्हा जामीनपात्र. त्यामुळे जामीन लगेच मिळाला. पुढे तपासात कलम ३०४ वाढवण्यात आले. हे कलम सदोष मनुष्यवधाचे. त्यातील दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जून २०२४ मध्ये अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर आरोपी पोलिसांसमोर हजर झाली. मात्र दंडाधिकाऱ्यांपुढे पोलिसांची अटक टिकली नाही व तिची मुक्तता झाली. पुढे तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला आणि सप्टेंबरमध्ये तिला पुन्हा अटक झाली.

वृत्तपत्र वाचणाऱ्याला हा सारा गोंधळ वाटावा, असे झाले. 'आत, बाहेर, पुन्हा आत' अशी चेष्टाही चौकाचौकात ऐकू आली. परंतु त्यामागे एक नियम होता. 'प्रदीप राम विरुद्ध झारखंड राज्य' या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की, जामिनावर असलेल्या व्यक्तीवर नंतर अधिक गंभीर कलम वाढवले गेले, तर पोलिसांनी आपल्याच अधिकारात तिला अटक करावयाची नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेश घ्यावयाचा. म्हणजे पहिल्या रात्री ठाण्यात कोणता शब्द लिहिला गेला, यावर पुढील कित्येक महिन्यांचा क्रम ठरला.

हयगय, बेदरकारी, जाणीव

आता हे शब्द एकेक करून पाहू. 'हयगय' म्हणजे जी काळजी घ्यावयास हवी होती ती न घेणे. आरसा न पाहता वाहन वळवणे, दिवे बिघडलेले असताना रात्री वाहन रस्त्यावर आणणे, ही हयगय होय. 'बेदरकार' हा शब्द आपण ऐटीने वागणाऱ्या तरुणासाठीही वापरतो. 'दरकार' म्हणजे पर्वा. 'बे' हा अभाव दाखवणारा फारसी उपसर्ग. कायद्यात बेदरकारपणा म्हणजे धोका आहे हे दिसत असूनही, 'काही होणार नाही' अशा भरवशावर तो पत्करणे. पोलिसांच्या फिर्यादीत 'हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून' असे दोन्ही शब्द जोडीने येतात. इतके जोडीने, की लिहिणाऱ्यालाही त्यांतील भेद उरत नाही. वास्तविक एकात दुर्लक्ष आहे आणि दुसऱ्यात दुःसाहस.

तिसरा शब्द 'जाणीव'. आपल्या या कृतीने कोणाचा तरी मृत्यू होण्याचा संभव आहे, हे ज्ञात असताना ती कृती करणे म्हणजे सदोष मनुष्यवध. येथे ठार मारण्याचा हेतू असावा लागत नाही; जाणीव पुरेशी होते. हेतू आणि जाणीव यांतील हा भेद मराठी वाचकाने नीट ध्यानात घ्यावा, कारण बातम्यांतून तो हटकून पुसला जातो. 'मनुष्यवधाचा गुन्हा दाखल' असे शीर्षक वाचले की आपण खून समजतो. तसे नसते.

परंतु दुसऱ्याच्या मनातील जाणीव सिद्ध कशी करावी? या प्रश्नावरचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा निकाल 'ॲलिस्टर ॲन्थनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्याचा आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईतील वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. सात जणांचा मृत्यू झाला व आठ जण जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्य आढळले. सत्र न्यायालयाने हयगयीचे कलम लावून सहा महिन्यांची कैद व पाच लाख रुपये दंड दिला. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षांचा कारावास दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी तो कायम केला. न्यायालयाच्या विवेचनाचा आशय असा : मद्याच्या अमलाखाली बेदरकारपणे वाहन हाकताना परिणामाचा धोका माहीत असेल, तर चालकाला केवळ वाहन चालवण्याच्या पद्धतीबद्दल नव्हे, तर त्या परिणामाबद्दलही जबाबदार धरता येते. तीन वर्षांची शिक्षा अपुरी असल्याचेही न्यायालयाने नोंदवले. पण शिक्षा वाढवून मागण्यासाठी राज्याने अपीलच केले नव्हते. सात माणसे गेली आणि सरकारपक्षाने वाढीव शिक्षा मागितली नाही, ही गोष्ट निकालाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे असे मला वाटते.

अर्थात मद्य म्हटले की जाणीव सिद्ध झाली, असे समीकरण मांडता येत नाही. वेग, रस्त्याची स्थिती, वेळ, समोर माणसे दिसत होती का, चालकाला कोणी सावध केले होते का, हे सारे पुराव्याने दाखवावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले, तर तेवढ्यावरच गुन्हा होतो, अपघात झालेला नसला तरी. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मात्र रक्तातील मद्य तासागणिक उतरते. म्हणून रक्ताचा नमुना केव्हा घेतला ही नोंद निर्णायक असते. पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने घातलेल्या अटींपैकी एक होती ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. भाषेच्या अभ्यासकाला निबंधाचे महत्त्व कोणी सांगावयास नको, परंतु त्या आदेशावर उसळलेला संताप आपल्याला आठवत असेल. अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला किंवा वाहनमालकाला कलम १९९-अ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, ही तरतूद तेव्हा अनेकांना प्रथमच कळली.

जुनी संहिता, नवी संहिता

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. राम झुल्याचे प्रकरण त्याआधीचे असल्याने त्याला जुनाच कायदा लागू राहतो. गुन्हा घडला त्या वेळी जी शिक्षा होती तीहून अधिक शिक्षा देता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २० सांगतो.

नव्या संहितेत हयगयीने मृत्यूस कारण होण्याचे कलम १०६ (१) आहे आणि कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. गुन्हा मात्र जामीनपात्रच राहिला. सदोष मनुष्यवध कलम १०५ मध्ये आला. कोणासही इजा झाली नसली, तरी सार्वजनिक रस्त्यावर मानवी जीवितास धोका होईल असे वाहन चालवणे हा कलम २८१ चा गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. ही रक्कम १८६० च्या कायद्यातीलच आहे. नवी संहिता लिहिणाऱ्यांनी तिला हात लावलेला नाही.

दुखापत : साधी आणि गंभीर

आतापर्यंत आपण मृत्यूविषयी बोललो, कारण बातम्याही त्याच्याच होतात. अपघातातून वाचलेली माणसे बातमीतून दुसऱ्या दिवशी नाहीशी होतात आणि मेडिकलच्या किंवा मेयोच्या वॉर्डात महिनोन् महिने राहतात. त्यांच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ आहे. बेदरकारपणे किंवा हयगयीने इतरांचे जीवित वा सुरक्षितता धोक्यात आणल्यास तीन महिने कैद किंवा २,५०० रुपये दंड. त्यातून दुखापत झाल्यास सहा महिने किंवा ५,००० रुपये. गंभीर दुखापत झाल्यास तीन वर्षे किंवा १०,००० रुपये. या सर्व कमाल मर्यादा आहेत आणि न्यायालय दोन्ही शिक्षा एकत्रही देऊ शकते. जुन्या कलम ३३८ मध्ये गंभीर दुखापतीला दोन वर्षे आणि एक हजार रुपये होते.

'गंभीर' या शब्दापाशी थोडे थांबू. रुग्णालयात 'पेशंट गंभीर आहे' असे म्हणतात तेव्हा जिवाला धोका आहे, असा अर्थ असतो. कायद्यातील 'गंभीर दुखापत' ही व्याख्येने बांधलेली आहे. कलम ११६ मध्ये तिचे आठ प्रकार दिले आहेत. डोळ्याची दृष्टी किंवा कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव किंवा सांधा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे हे त्यांत आहेतच. परंतु हाड किंवा दात मोडणे किंवा निखळणे हेही आहे. म्हणून करंगळीचे हाड मोडले तर ती गंभीर दुखापत ठरते. उलट, डोक्याला मार लागून माणूस दोन दिवस बेशुद्ध राहिला, हाड मोडले नाही आणि तो बरा होऊन घरी गेला, तर त्या दुखापतीची नोंद कोणत्या सदरात करावी यावर वाद होऊ शकतो. तेथे आठवा प्रकार उपयोगी पडतो : जीव धोक्यात आणणारी, किंवा १५ दिवस तीव्र शारीरिक वेदना देणारी, किंवा तेवढे दिवस नित्य व्यवहार करण्यास असमर्थ करणारी दुखापत. जुन्या संहितेत ही मुदत २० दिवसांची होती.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. जखमी व्यक्ती किंवा तिचे नातेवाईक जबाब देताना 'पायाला मार लागला' असे म्हणून थांबतात. किती दिवस उठता आले नाही, काम किती दिवस बंद राहिले, कोणती क्रिया अजून करता येत नाही, हे सांगितले जात नाही. आपली मराठी सोसण्याच्या बाबतीत फार मोजकी बोलते. जबाबात ती तशी बोलली तर नुकसान होते.

थांबणे आणि पळून जाणे

९ ऑगस्ट २०२५, रक्षाबंधनाचा दिवस. नागपूर–जबलपूर महामार्गावर देवलापार पोलिसांच्या हद्दीत एका ट्रकच्या धडकेने दुचाकीवरील दांपत्यापैकी पत्नीचा मृत्यू झाला. ट्रक निघून गेला. पतीने जाणाऱ्या-येणाऱ्यांना विनवण्या केल्या. कोणी थांबले नाही. अखेर पत्नीचा मृतदेह दुचाकीला बांधून तो निघाला. ते दृश्य देशभर पाहिले गेले. पुढे पोलिसांनी टोलनाके आणि रस्त्यावरील कॅमेऱ्यांच्या चित्रणातून संगणकाच्या साहाय्याने तो ट्रक शोधून काढला व चालकाला अटक केली.

मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४ चालकावर कर्तव्य घालते : जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना माहिती देणे. जमावाच्या क्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने मदत करणे शक्य नसेल तर सूट आहे. लोक चालकाला मारतात ही गोष्ट कायद्यानेच गृहीत धरली आहे, हे येथे दिसते. परंतु पोलिसांना कळवण्याच्या कर्तव्यातून त्याने सुटका होत नाही. कर्तव्य टाळल्यास कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये, हयगयीने मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत मालवाहतूकदारांनी याच तरतुदीविरुद्ध संप केला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे आपण अनुभवले असेल. त्यानंतर केंद्र शासनाने हे पोटकलम अमलात आणणे लांबणीवर टाकले. पुस्तकात कलम छापलेले आहे, पण ते लागू नाही. कायद्याचे पुस्तक वाचताना 'अंमल कधीपासून' हा प्रश्न का विचारावा, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आणि थांबणाऱ्या तिऱ्हाइताचे काय? कलम १३४-अ त्याला संरक्षण देते. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. देवलापारच्या रस्त्यावरून त्या दिवशी पुढे निघून गेलेल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते, कोण जाणे.

शिक्षा एका न्यायालयात, भरपाई दुसऱ्या

चालकाला तीन वर्षे कैद झाली म्हणून जखमीच्या घरी चूल पेटत नाही. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. तेथील भाषा वेगळी : 'फिर्यादी' आणि 'आरोपी' यांऐवजी 'अर्जदार' आणि 'गैरअर्जदार', 'गुन्हा' ऐवजी 'दावा'. पुराव्याची मोजपट्टीही वेगळी. फौजदारी न्यायालयात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. न्यायाधिकरणात कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे पाहिले जाते. म्हणून चालक निर्दोष सुटला, तरी भरपाई मिळू शकते. दावा अपघात घडला त्या जिल्ह्यातच दाखल करावा लागतो असे नाही. अर्जदार राहतो त्या ठिकाणीही करता येतो. भंडाऱ्याच्या माणसाला नागपुरात अपघात झाला तर त्याने तारखांना नागपूरला खेटे घालण्याची गरज नाही. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा, अशी मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीवर न्यायालयांत वाद झाले आहेत. तरी शहाण्याने वादाच्या भरवशावर बसू नये.

भरपाई मोजताना दुखापतीची टक्केवारी आणि कमाईची हानी या दोन गोष्टी एक मानू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' या २०१० च्या निकालात स्पष्ट केले. त्यात दिलेले उदाहरण सोपे आहे. डावा हात गेला तर शासकीय कारकुनाची नोकरी टिकू शकते. सुताराची किंवा वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. वैद्यकीय प्रमाणपत्रावरील आकडा दोघांसाठी सारखाच असतो. म्हणून अर्जात आपला व्यवसाय आणि त्यात हाताचे, पायाचे, डोळ्याचे काम नेमके काय असते, हे तपशिलाने लिहावे लागते. सुताराने 'रंधा मारताना लाकूड डाव्या हाताने धरावे लागते' असे एक वाक्य लिहिले, तर ते पानभर अलंकारिक दुःखापेक्षा अधिक वजनदार ठरते.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. वाहन सापडले, तर त्याच्या विमा कंपनीविरुद्ध पूर्ण दावा करता येतो आणि रक्कम कमाईनुसार ठरते. देवलापारच्या प्रकरणात ट्रक सापडण्याचे महत्त्व म्हणूनच दुहेरी आहे. त्याचप्रमाणे, 'खर्च देतो, तक्रार करू नका' असे म्हणून रस्त्यावरच मिटवलेल्या अपघातात जखमीच्या हाती पुढे काही कागद उरत नाही. प्लास्टरचे पैसे मिळतात. सहा महिन्यांनी गुडघा वाकत नाही हे लक्षात येते, तेव्हा वाहनाचा क्रमांकही आठवत नाही. उपचारांच्या बाबतीत एक नवी सोय अशी की, मे २०२५ पासून केंद्र शासनाच्या योजनेखाली अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख रक्कम न भरता उपचार घेता येतात.

स्वाध्याय

एक भाजीविक्रेती पहाटे कॉटन मार्केटहून हातगाडी घेऊन निघाली असता मागून आलेल्या मोटारीने तिला धडक दिली. तिचे उजवे मनगट मोडले. चालकाने तिला रुग्णालयात पोहोचवले, पण पोलिसांना कळवले नाही. चालकाने मद्य घेतले होते का, याची तपासणी आठ तासांनंतर झाली. या घटनेची फिर्याद तिच्या वतीने १५० शब्दांत लिहा. 'हयगय', 'बेदरकारपणा' आणि 'जाणीव' यांपैकी कोणता शब्द आपण वापरला व कोणता टाळला, हे फिर्यादीखाली सकारण सांगा. त्यानंतर तिच्याच वतीने न्यायाधिकरणाकडे करावयाच्या अर्जातील 'अर्जदाराचा व्यवसाय' हा परिच्छेद लिहा. त्यात मनगटाचे काम कोठे कोठे येते, हे एकही विशेषण न वापरता मांडा.